डावा हात मांडीवर

११ मार्च

मेहुणीबाई,

ठक, ठक, ठकठक, ठक.

काल दुपारी जरा डोळा लागला आणि हा आवाज कानात आला. तुला तो ठाऊक नसणार. नाचणाऱ्याला आपली पावलं वरून ऐकू येतात, मी ती खालून ऐकली आहेत. नव्या दुकानात मी काजं करत बसलेलो, आणि डोक्यावरच्या लाकडी तक्तपोशीतून ठक, ठक, ठकठक, ठक. घरमालकाने सांगितलं होतं की वर दोघी बहिणी राहतात, पण पावलं तर एकीचीच येत होती. मी मनाशी ठरवून टाकलं, एक बहीण चांगली जाडजूड असावी आणि दुसरी महाआळशी. मग एकदा तक्तपोशीतली धूळ गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर पडली आणि मी गळ्यात टेप तशीच ठेवून भांडायला जिना चढलो. दार तू उघडलंस. आत तुझी बहीण उभी. दोघी सुईसारख्या बारीक. चार पावलं एकदम पडत होती आणि मी खाली बसून त्यांची दोन करत होतो. भांडायचं राहून गेलं ते आजतागायत राहिलंच आहे.

असो. पत्राला कारण काही नाही. म्हाताऱ्या माणसाला आठवण आली की तो पत्र लिहितो, आणि आठवण तर त्याला दिवसभर येतच असते. तू आमच्याशी बोलत नाहीस हे मी विसरलेलो नाही. पण आमच्याशी म्हणजे तिच्याशी. माझ्याशी तुझं भांडण झाल्याचं मला तरी कुणी कळवलेलं नाही, तेव्हा मी आपला माझ्या हक्कात लिहितोय. तिला सांगितलेलं नाही. ती आत आडवी झाली आहे.

तुझी बहीण मजेत आहे. दुकान मी बंद केलं, मशीन घरी आणून खिडकीशी ठेवलं. सध्या एक गंमत शिवतोय. एक झगा आहे, त्याच्या डाव्या बाहीला खांद्यापासून मनगटापर्यंत नुसती बटणं. झगा न काढता बाही उघडता येते. का म्हणशील, तर नवी फॅशन आहे.

जेवणात मीठ बंद केलंय. पाणी ती छोट्या कपाने मोजून पिते आणि दुपारी बर्फाचा एक खडा तोंडात धरून राणीसारखी बसते. आठवड्यात तीन सकाळी आम्ही बसने एके ठिकाणी जातो आणि दुपार टळायच्या आत परततो. बाकी सगळं पूर्वीसारखंच. मला शाळेतल्या कविता म्हणायची खोड आहे आणि तिला कडवं अर्ध्यावर असताना ‘पुरे’ म्हणायची.

तुझ्या पायांची खबर कळव. आशीर्वाद पाठवतोय, नको असतील तर परत पाठव, इथे लागतात.

तुझा दाजी

२ एप्रिल

मेहुणीबाई,

कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी अख्ख्या कार्डावर एक ओळ, ‘काय झालंय तिला, दाजी?’ तू पहिल्यापासून अशीच. मी भिंत रंगवावी आणि तू नेमकं ओल आहे तिथे बोट ठेवावंस.

झालंय खरं. तिच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलंय. म्हणून आठवड्यात तीनदा हॉस्पिटलात जायचं, खुर्चीत बसायचं, आणि तिचं रक्त मशीनमध्ये जाऊन धुऊन परत येतं. डायलिसिस म्हणतात. नवी किडनी बसवता येणार नाही, तिचं हृदय तेवढं ऑपरेशन सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे. तूही एकदाच वाच आणि पुढे चल, कारण पुढे गंमत आहे.

तिच्या डाव्या हातातल्या दोन शिरा जोडून त्यांनी सुया टोचण्यासाठी एक जाड शीर तयार केली आहे. तिथे बोट ठेवलं तर आत मांजर झोपल्यासारखं गुरगुरतं. पहिल्या दिवशी घरी आल्यावर तिने माझं डोकं ओढून दंडाला लावलं. “ऐका.” आत वारा वाहत होता, अगदी ठेक्यात, हूऽश, हूऽश. म्हणाली, “आता मला साथीला कुणी लागत नाही. माझी मीच.” रडावं की हसावं मला कळेना, तेवढ्यात तीच म्हणाली, “लय जरा चढी आहे, नाही?”

तर तो वॉर्ड. खिडकीकडे पाठ करून ओळीने खुर्च्या. तिची खुर्ची मात्र दाराजवळ, त्या सगळ्यांच्या समोर. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. जन्मभर नाच शिकवलेली ती म्हणते, “बघा, आजारपणातसुद्धा मला वर्गासमोरच बसवलं.” तिच्या बरोबर समोर एक बसचा ड्रायव्हर बसतो, आवाज असा की पुढच्या थांब्यावर ऐकू जावा. त्याच्या शेजारी कॉलेजातली एक मुलगी, सदा पुस्तकात तोंड घातलेलं. तिला सगळे ‘परीक्षा’ म्हणतात. आणि या सगळ्यांवर मोठ्या सिस्टर. त्यांच्या गणवेशाला अशी कडक इस्त्री की बसल्या तर कापड मोडल्याचा आवाज येतो. मी शिंपी माणूस, मला पहिलं तेच दिसतं. मी नाव ठेवलं ‘इस्त्री’, आणि ते आता सगळ्या वॉर्डात चालतं. त्यांच्या पाठीमागे.

पहिले काही दिवस तुझी बहीण छताकडे बघत बसली. मग एकदा म्हणाली, “अहो, चार तास आहेत, एक हात मोकळा आहे आणि समोर लोक बसलेत, त्यांना उठून जाता येत नाही. असा प्रेक्षक मला जन्मात मिळाला नव्हता.” आणि तिने उजव्या हाताची बोटं उघडली. तुला माहीत आहे कशी. एकेक करून, जशी काही प्रत्येकाला विचारून.

ड्रायव्हर म्हणाला, “बाई, माशी हाकलताय का?”

“तुम्ही स्टिअरिंग धरा,” ती म्हणाली. “धरलंत? आता ते विरघळतंय. हातातून जाऊ द्या. सावकाश, गाडीत माणसं आहेत.”

आणि त्या माणसाचा जाडजूड हात, मेहुणीबाई, असा खाली आला की परीक्षाने पुस्तक मिटलं.

पुढच्या खेपेला सगळी ओळ हलायला लागली. गाणी लावायला बंदी आहे, मशीनचा इशारा ऐकू यायला हवा म्हणून. मग ठेका कोण देणार? “आयुष्यभर कविता म्हणून माझं डोकं खाल्लंत,” ती मला म्हणाली, “आता त्याचा काही उपयोग करा.” मी आमच्या गुरुजींनी शिकवलेली पाखराची कविता घेतली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी पाखरू उडतं आणि आम्ही बाकावरून हात उडवायचो, ती. बारक्या आवाजात, वर्गात म्हणायचो त्याच चालीवर. आता मी दारातल्या स्टुलावर बसून ती म्हणतो आणि पाखरू उडालं की खुर्च्यांमधून हात वर जातात. तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ आठवत नाही. तिथे मी खोकतो. त्या खोकल्यावरही तिने एक हालचाल बसवली आहे.

तुझ्या पायांबद्दल काही लिहिलं नाहीस.

दाजी

१५ एप्रिल

मेहुणीबाई,

नाच बंद झाला. दोष कुणाचा विचारशील तर तुम्हा नाचणाऱ्यांच्या सवयीचा.

तुला हे समजावून सांगायला नको, पण मला स्वतःला समजायला वेळ लागला, म्हणून लिहितो. सगळ्यांच्या सुया डाव्या हातात आहेत. म्हणजे डावा हात मांडीवर स्थिर, नाचायचं ते उजव्याने. आता, समोर बसून शिकवणारी बाई उजवा हात उचलते तेव्हा समोरचे लोक डावा उचलतात. आरशात बघितल्यासारखं. म्हणून तर तुम्ही वर्गासमोर उभं राहून कायम उलटं नाचता, तोंडाने ‘उजवा’ म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा. तिने हे आयुष्यभर केलं. गेल्या मंगळवारी ती रंगात आली, पाखरू उडालं, आणि ती म्हणाली, “उजवा वर.” आणि सवयीने तिचा डावा वर गेला. सुयांसकट.

मशीन किंचाळलं. इस्त्री धावत आली. झग्याच्या बटणांची रांग, जी मी एवढी हौसेने शिवली, ती तिने एका झटक्यात उघडली (चांगली काजं आहेत, एकही फाटलं नाही), सुई सरळ केली, कापूस दाबला, आणि ओळीतल्या एकेकाच्या हातांकडे बघत उभी राहिली. तुझी बहीण हसत होती. घाबरल्यावर ती हसते, तुला माहीत आहे.

शेवटी इस्त्री बोलली. “हात मांडीवर. सगळ्यांनी. दोन्ही.”

“उजवा तरी राहू द्या,” तुझी बहीण म्हणाली.

“तुमचा उजवा वर गेला की यांचा डावा जातो. ड्रायव्हरसाहेबांचा दोनदा जाता जाता राहिलाय, मी बघितलंय. समोर उभं राहून न चुकता दाखवणारं माणूस आणा, ज्याच्या हातात सुई नाही. मग विचार करू. तोवर हा वॉर्ड आहे.”

मी हातावर हात ठेवून बसलो नाही. पिवळ्या कापडाच्या पट्ट्या शिवल्या, सगळ्यांच्या उजव्या मनगटाला बांधल्या, की बुवा हा आपला नाचायचा हात. इस्त्री उभी राहून बघत होती. मी फक्त करंगळ्या हलवायला सांगितलं. निम्म्यांनी डावी हलवली. ड्रायव्हर म्हणाला, “काका, डोकं पट्टीकडे बघतं, हात बाईंकडे बघतो. हाताला डोकं नसतं.”

मग मी स्वतः समोर उभा राहिलो. माझे दोन्ही हात एकदम वर गेले. परीक्षाने विचारलं, “काका, दरोडा पडलाय का?”

मग तिच्या एका जुन्या शिष्येला बोलावलं. फार गुणी मुलगी आहे, आता तिचे स्वतःचे वर्ग चालतात. आली, हसतमुखाने आत शिरली, नळ्यांमधून रक्त फिरताना बघितलं आणि तिथेच खाली बसली. इस्त्रीने तिला साखरपाणी दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरं माणूस आणायचं नाव काढलं नाही.

तर आता मुद्द्यावर येतो. असं उलटं नाचणारी, कधी न चुकणारी बाई मला जगात एकच माहीत आहे. तुम्ही दोघी रंगमंचावर समोरासमोर उभ्या राहायचात, ती उजवीकडे झुकली की तू डावीकडे, आणि लोकांना वाटायचं मधे काच आहे. तू एकदा म्हणालीस, ‘मी किती वर्षं आरसा व्हायचं?’ आणि ती म्हणाली, ‘आरशाला मत नसतं.’ तू बॅग भरलीस. मी त्या वेळी कोटाच्या अस्तरात तोंड घालून बसलो होतो, कारण तुम्हा दोघींच्या मधे उभं राहायची माझी छाती नव्हती. आता विचारतो. ये. निदान एक दिवस येऊन समोर उभी राहा.

हे लिहीत असताना ती मागे येऊन उभी राहिली. मी हाताने कागद झाकला, पण पत्ता लिहिलेलं पाकीट उघड्यावरच होतं. मला मात्र ती सांगत आली होती, तिचा पत्तासुद्धा मी विसरले. पाकिटाकडे बघून म्हणाली, “सात नाही. सतरा.” आणि निघून गेली. म्हणजे माझी आधीची दोन पत्रं तुमच्या पोस्टमनने स्वतःच्या अकलेने पोचवली. त्याला माझा नमस्कार सांग.

दाजी

६ मे

मेहुणीबाई,

उत्तराला उशीर झाला. आम्ही घरी नव्हतो. हॉस्पिटलातच होतो, पण वेगळ्या मजल्यावर, जिथे एकेका माणसाला थोडा वेळ आत सोडतात आणि कविता म्हणू देत नाहीत. छातीत पाणी साचलं होतं. आता ते नाही. आता ती आत बसून बर्फाचा खडा चघळते आहे आणि मला ओरडून सांगते आहे की ‘साचलं होतं’ एवढंच लिहा, पाल्हाळ लावू नका.

तिला म्हणायला काय जातं. मी बाहेरच्या बाकावर बसून शाळेतल्या सगळ्या कविता म्हणून संपवल्या, मनातल्या मनात. पाखराच्या कवितेची ती हरवलेली ओळसुद्धा आली. भीतीने स्मरणशक्ती चांगली होते असं दिसतं. गुरुजी छडी का ठेवायचे ते आज कळलं.

मला आत सोडायचे तेव्हा ती मास्क लावून पडलेली असायची, डोळे मिटलेले, आणि चादरीवर उजव्या हाताची बोटं चाललेली. मला वाटायचं ग्लानीत आहे. मास्क निघाला तेव्हा पहिलं वाक्य ‘पाणी’ नव्हतं, ‘कसे आहात’ नव्हतं. म्हणाली, “शेवट सापडला.”

तो शेवट असा. पाखरू उडून गेल्यावर सगळ्यांचे उजवे हात हवेतून खाली येतात, छातीवरून जातात आणि सुईच्या बरेच वर, आपापल्या डाव्या दंडावर, टेकतात. मी कविता थांबवायची. कुणी हलायचं नाही. त्या शांततेत प्रत्येकाला आपल्या हाताखाली आपापली गुरगुर लागते. “प्रेक्षकाला काही दिसणार नाही,” ती म्हणाली. “पण या वेळी प्रेक्षक नाहीतच ना. सगळे नाचणारेच.”

परत वॉर्डात आलो त्या दिवशी ड्रायव्हर हॉर्नसारखा ओरडला, “बाई, तुमची सीट राखून ठेवली होती.” परीक्षाने तिच्या खुर्चीवर स्वतःची उशी ठेवली होती. इस्त्रीने सुया टोचताना नेहमीपेक्षा सावकाश टोचल्या, एवढं मी बघितलं.

आता तुझं पत्र. ते घरी येऊन पडलं होतं आणि पाकिटावर तिचं नाव होतं, माझं नाही. मी ते तिच्या हातात देऊन बाहेर गेलो. मशीनवर बसलो, पायडल मारलं, सुईत दोरा नव्हता. बऱ्याच वेळाने ती हसलेली ऐकू आली, मग नाक ओढलेलं, मग परत हसलेली.

तर तुझा गुडघा बदललाय. तरीच पायांची खबर विचारली तर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. आजारपण लपवायची कला तुम्हा बहिणींना कुठल्या शाळेत शिकवली कोण जाणे. कुबडी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरतेस, प्रवासाला अजून डॉक्टरांची परवानगी नाही, आणि उभं राहणं तर सोडाच. ठीक आहे. येशील तेव्हा बसायला ये. आमच्याकडे खुर्च्या भरपूर आहेत, ओळखी आहेत.

पण तू खाली जे लिहिलं आहेस, ‘जो कुणी समोर उभा राहील त्याला सांग, हातांकडे बघायचं नाही, खांद्याकडे बघायचं, हात नंतर निघतो, खांदा आधी सांगतो’, ते तिने मला तीन वेळा वाचून दाखवलं. म्हणाली, “एवढी वर्षं मला वाटायचं ती माझे हात बघून करते. ती माझ्या आधी माझं मन ओळखायची हो. आणि मी टाळ्या घ्यायला एक पाऊल पुढे यायचे.”

मग पत्राची घडी घातली आणि म्हणाली, “तिला लिहा. नको, मी सांगते तसंच्या तसं लिहा. उलटं करायचं आणि सरळ दिसायचं, हे खुर्चीत बसून एकदा करून बघितलं, तर मशीन ओरडलं. तू ते जन्मभर केलंस आणि कधी काही ओरडलं नाही, तूसुद्धा नाही. आरशाला मत असतं. आपण बघत नाही, कारण आपण त्यात आपल्यालाच बघत असतो.”

तसंच्या तसं लिहिलं आहे. शेवटच्या वाक्यावर मी म्हटलं, हे तर कवितेसारखं झालं. ती म्हणाली, “पुरे.”

दाजी

१९ मे, संध्याकाळ

मेहुणीबाई,

तुम्ही दोघी आता रोज फोनवर बोलता आणि मला फक्त हुं, हुं, आणि मधेच हसणं ऐकू येतं. तरी मी पत्रच लिहिणार. फोनवर माझा नंबर लागत नाही.

बातमी चांगली आहे आणि त्या बातमीनेच घोळ केलाय. ड्रायव्हरला किडनी मिळाली. त्याची बायको देते आहे. तो सगळ्यांना सांगत सुटलाय, “लग्नात हिने मला काही दिलं नव्हतं, तो हिशेब आता फिटला,” आणि बायको सांगते, “घरी रात्री झोपेत हात हलवतो हा माणूस, माझ्या तोंडावर पाखरू उडतं, म्हणून म्हटलं एकदाचा बरा तरी होऊ दे.” सोमवारी तो भरती होणार. म्हणजे उद्याची सकाळ ही सगळे एकत्र असण्याची शेवटची. परीक्षाचीही वेळ पुढच्या आठवड्यापासून बदलते आहे, कॉलेजमुळे. तुझी बहीण म्हणते, “नवे लोक येतील, त्यांच्यासाठी नवा नाच बसवू. हा नाच या लोकांचा आहे.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “पुढचं पुढे.” ती पुढचं पुढे म्हणते तेव्हा मला डॉक्टरांचं ते वाक्य आठवतं, जे मी एकदाच लिहिणार होतो.

समोर उभं राहणारं माणूस नाही. त्या गुणी शिष्येने फोन करून सांगितलं, डोळे मिटून उभी राहते. डोळे मिटून खांदा कसा दिसणार? मी परवा परत इस्त्रीला विचारलं. दारात अडवूनच विचारलं, पाखराची कविता म्हणतात त्या नम्र आवाजात. ती म्हणाली, “काका, माझ्या वॉर्डात कुणाची सुई निघाली तर ते रक्त मी बघायचं असतं, तुम्ही नाही.” ती चूक बोलत नाही हेच तर दुखणं आहे.

आज दुपारी मी तुझ्या बहिणीला म्हटलं, नसेल जमत तर नसो. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी कोटाला उलटी बाही लावली आहे. “हात मांडीवर म्हणालेत ना? ठेवू. डोळ्यांनी करू. भुवयांना कुणी सुई टोचलेली नाही.” आणि लगेच आरशासमोर बसून भुवईने पाखरू उडवायला लागली. हसून हसून मला ठसका लागला. तो ठसकाही तिने मोजून घेतला. पण मग मी बटणं लावायला जवळ गेलो तेव्हा दिसलं, उजवा हात मांडीवर घट्ट मिटला होता. भुवया हसत होत्या, मूठ नाही. तिला तो शेवट हवाय. एवढ्या मजल्यांवरून, मास्कखालून तिने तो आणलाय, आणि उद्या तो कुणाच्याही दंडावर टेकला नाही तर ती मला काही म्हणणार नाही, हेच मला नको आहे.

आता ती आत पडली आहे, उद्यासाठी. मी कविता घोकतो आहे. तिसऱ्या कडव्याची ती ओळ येते आहे, पण ती म्हणाली, म्हणू नका, तिथे खोकाच, त्यावर परीक्षाची मान फिरते.

थांब, बेल वाजली. खालच्या शेजारणीला कात्री हवी असेल.

शेजारीण नव्हती. पाकिटात घालायच्या आधी हे लिहून टाकतो, उभ्याउभ्याच, टेबलावर वाकून. दारात एक बाई उभी होती. केस मोकळे, साधा फिका कुडता, हातात भाजीची पिशवी. मी म्हटलं, “कोण पाहिजे?” तिने वर बघितलं आणि मी एकदम पाठ ताठ करून उभा राहिलो, हात आपोआप बाजूला चिकटले. सवय, दुसरं काय.

“मी ड्युटीवर नाहीये काका,” ती म्हणाली. “सरळ उभे राहू नका.”

“सिस्टर, काही झालंय का? रिपोर्ट...”

“काही झालेलं नाही. घरी निघाले होते, बस तुमच्या गल्लीवरून जाते.” मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, “माझा सगळा जन्म पेशंटसमोर उभं राहण्यात गेला. त्यांचा डावा तो माझा उजवा. चुकून चालत नाही, चुकीच्या हाताला सुई जाते. आज जेवायच्या सुट्टीत औषधांच्या खोलीत दार लावून करून बघितलं. पाखरापर्यंत येतं. खोकल्यानंतर काय आहे ते मला माझ्या केबिनच्या काचेतून नीट दिसलं नव्हतं.”

मेहुणीबाई, एवढ्या कविता पाठ, एक ओळ मदतीला आली नाही. मी एवढंच म्हटलं, “हातांकडे बघायचं नाही. खांद्याकडे बघायचं.”

“ते कुणी सांगितलं?”

“जिला कळतं तिने.”

आतून तुझी बहीण ओरडली, “अहो, कोण आहे? कात्री द्या आणि दार लावा.”

सिस्टरने पिशवी माझ्या हातात दिली, आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली, तिथे थांबली, आणि तिथूनच विचारलं, “बाई, सुरुवात मी डाव्या हाताने करायची ना?”